सुईची परीक्षा

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) या विकाराच्या नावातच चूक आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर बीजकोशाच्या कडेने मण्यांच्या माळेसारखे दिसणारे काळे ठिपके म्हणजे गाठी नव्हेत. ती वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटके असतात, जेमतेम दोन ते नऊ मिलिमीटर व्यासाची. एरवी दर पाळीला त्यांतले एक पुटक बाकीच्यांना मागे टाकून वाढते, फुटते आणि बीज सुटते. या विकारात पुटके एकगठ्ठा वाढीला लागतात आणि कोणतेच शेवटापर्यंत पोचत नाही. तरी महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत ‘पीसीओडी’ हे नाव रूढ आहे, ‘ओव्हरीत गाठी आहेत’ असा त्याचा उलगडा केला जातो आणि तो ऐकून घरची मंडळी ऑपरेशनची धास्ती घेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०१२ साली हे नाव बदलावे असे सुचवले, ते याच गोंधळामुळे.

विकाराची पहिली नीट नोंद शिकागोची. तिथल्या अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थाल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी बंद, मूल नाही, काहींच्या अंगावर दाट लव आणि पोट उघडून पाहावे तर फुगलेले, जाड सालीचे बीजकोश. त्यांनी बीजकोशाची पाचर कापून काढली आणि पाळ्या सुरू झाल्या. आज निदानासाठी पोट उघडावे लागत नाही. २००३च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी पुरतात: अनियमित किंवा बंद पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीत दिसणारे बहुपुटकी बीजकोश. अशीच लक्षणे देणारे थायरॉइडचे आणि प्रोलॅक्टिनचे दोष मात्र आधी वगळावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताही नसतो.

मुळाशी एक दुष्टचक्र आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच या दोन संप्रेरकांनी बीजकोशाला हुकूम सोडते. या विकारात एलएचचे झटके वारंवार येतात, त्यामुळे बीजकोश टेस्टोस्टेरॉन जास्त बनवतो आणि पुटकाला मोठे करणारे एफएसएच तुलनेने कमी पडते. त्यात इन्शुलिनची भर. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिक सोडते; ते वाढलेले इन्शुलिन बीजकोशाला टेस्टोस्टेरॉन बनवायला आणखी चिथावते आणि रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनते. मोकळे टेस्टोस्टेरॉन मग हनुवटीवर केस, गालावर मुरुम आणि टाळूवर विरळपणा आणते. वजन वाढले की चक्र जोरात फिरते, पण सडपातळ स्त्रिया यातून सुटतात असे नाही.

आधुनिक उपचार या चक्रात ठिकठिकाणी पाचर मारतात. पाळी नियमित करण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या, इन्शुलिनसाठी मेटफॉर्मिन, मूल हवे असेल तर बीज सोडवणारे क्लोमिफेन किंवा लेट्रोझोल. यांतले कोणतेच औषध विकार मुळातून काढत नाही. गोळी चालू असते तोवर पाळी येते, थांबवली की पुन्हा लांबते. वर ‘वजन कमी करा’ हा सल्ला, जो देणाऱ्याला सोपा आणि पाळणाऱ्याला अवघड. वर्षानुवर्षे चालणाऱ्या, जिवावर न बेतणाऱ्या आणि पुरता बराही न होणाऱ्या अशा दुखण्यातच माणसे दुसरी दारे ठोठावतात. त्यांतले एक दार चिनी वैद्यकाचे.

चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत हा विकार नाही, कारण तिथे बीजकोशच नाही. म्हणजे शरीरात होता, विचारात नव्हता. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत आकाराला आलेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या मूळ ग्रंथात स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडले आहे. दुसऱ्या टप्प्याला, चौदाव्या वर्षी, मूत्रपिंडाशी निगडित असे ‘थिएनग्वेइ’ नावाचे तत्त्व प्रकटते, ‘रेन’ ही वाहिनी मोकळी होते, ‘छोंग’ वाहिनी भरते आणि पाळी येते; सातव्या टप्प्याअखेर, एकोणपन्नासाव्या वर्षी, ती जाते. इथे मूत्रपिंड म्हणजे लघवी गाळणारा अवयव एवढाच अर्थ नाही. वाढ, प्रजनन आणि म्हातारपण यांचे भांडवल जिथे साठवलेले असते ती जागा, असा तो व्यापक अर्थ. पाळी आली नाही तर वैद्यापुढे प्रश्न दोनच: भांडवल अपुरे आहे, की वाट अडली आहे?

वाट अडण्याच्या बाजूने सर्वांत ठाम बोलला तो युआन राजवटीतला वैद्य जू दानशी (१२८१–१३५८). स्थूल स्त्रीला मूल होत नाही कारण अंगातली चरबी गर्भाशयाची वाट बुजवते, तेव्हा आधी ओलावा सुकवा आणि ‘थान्’ हटवा, हे त्याचे म्हणणे. ‘थान्’ म्हणजे कफ, पण खोकल्यातून पडतो तेवढाच नव्हे. पचन मंदावल्याने शरीरात कुठेही साचणारा चिकट, जड अंश. मराठी वाचकाला इथे लगेच आयुर्वेदातले कफ आणि मेद आठवतील. साम्य आहेच, पण दोन्ही शास्त्रांची घडण वेगळी असल्याने एकाची औषधे दुसऱ्याच्या नावाने खपवता येत नाहीत. वजन आणि वांझपण यांचा धागा जू दानशीच्या नजरेला आला होता, इन्शुलिनचा शोध लागण्याच्या जवळजवळ सहाशे वर्षे आधी. त्याने दिलेले कारण मात्र आज टिकत नाही. निरीक्षण आणि स्पष्टीकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि पारंपरिक वैद्यकाविषयीचे बरेच वाद त्या एकाच पारड्यात टाकल्यामुळे होतात.

विसाव्या शतकात चीनमध्ये दोन्ही वैद्यके एकाच इमारतीत नांदू लागली. हे आपोआप घडलेले नाही. १८२२ साली छिंग दरबाराने राजवैद्यांच्या संस्थेतून सुईउपचाराला हद्दपार केले होते. साम्यवादी राजवटीने मात्र, डॉक्टर थोडे आणि माणसे अफाट अशा परिस्थितीत, पारंपरिक वैद्यकाला सरकारी आश्रय दिला आणि १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि छंगदू इथे त्याची महाविद्यालये उघडली. एकच रुग्ण सोनोग्राफी करून येतो आणि वैद्य त्याची नाडी व जीभ पाहतो, हे दृश्य तिथे नेहमीचे झाले. मग पीसीओएस या आयात निदानाला जुन्या चौकटीत बसवणे आले. सडपातळ, थकलेली, कंबर दुखणारी आणि पाळी कमी येणारी स्त्री म्हणजे मूत्रपिंडाची दुर्बलता. जड अंगाची, जिभेवर पांढरा चिकट थर असलेली म्हणजे कफ आणि ओलावा. चिडचिडी, मुरुमे आलेली, पाळीआधी छाती भरून येणारी म्हणजे यकृतातली कोंडलेली ‘छी’ (शरीरात वाहती मानलेली प्राणशक्ती) किंवा उष्णता. पाळीच्या रक्तात काळसर गाठी पडणारी म्हणजे साकळलेले रक्त. प्रत्यक्षात एकाच बाईत यांतले दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात आणि दोन वैद्यांचे एकमत होईलच असे नसते. आधुनिक निदान एक आणि चिनी निदाने चार, या विषमतेतूनच पुढे चाचण्यांची भांडणे उभी राहिली.

सुई आणि काढा ही उपचाराची दोन अंगे. त्यांतली सुई जगभर गेली, कारण तिला भाषा लागत नाही आणि ती सीमाशुल्क खात्यात अडत नाही. प्राचीन सुया बऱ्याच जाड असत. १९६८ साली मानछंग इथे सापडलेल्या राजपुत्र ल्यू शंगच्या थडग्यात चार सोन्याच्या आणि पाच चांदीच्या सुया मिळाल्या; हा राजपुत्र इसवी सनापूर्वी ११३ साली वारला. आजची सुई पोलादाची, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची आणि एकदा वापरून टाकून द्यायची. बिंदू शोधण्याचे माप ‘त्सुन’, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी. आयुर्वेदातल्या स्वांगुळ प्रमाणासारखीच ही सोय: पट्टी रुग्णाच्या अंगालाच लावलेली. पाळीच्या तक्रारींत हमखास घेतला जाणारा बिंदू म्हणजे ‘सान्-यिन्-ज्याओ’, पायाच्या आतल्या घोट्याच्या वर तीन त्सुन, म्हणजे चार बोटे आडवी ठेवून जिथे येईल तिथे. नाव सांगते त्याप्रमाणे तिथे तीन यिन वाहिन्या एकत्र येतात. बेंबीखाली तीन त्सुनांवर ‘क्वानयुआन’, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला ‘त्सू-सान-ली’, ओटीपोटात बीजकोशांच्या वरच्या बाजूला आणखी काही. सुई टोचल्यावर हलकेच फिरवली की रुग्णाला आत जडपणा, बधिरता किंवा ताण जाणवतो. याला ‘द-छी’, छी येणे, म्हणतात आणि ते जाणवल्याशिवाय उपचार लागू पडला असे वैद्य मानत नाही. कधी सुयांना तारा जोडून मंद वीज सोडली जाते, कधी दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीची वाळलेली पाने जाळून बिंदूवर शेक दिला जातो. एक बैठक साधारण अर्ध्या तासाची, आठवड्यातून दोन-तीन, आणि हे निदान तीन महिने.

अशा सुईने बीजकोशाचे काम का सुधारावे, या प्रश्नावर चिकाटीने काम झाले ते स्वीडनमध्ये. गोथेनबर्ग विद्यापीठात आणि पुढे कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये एलिसाबेत स्टेनर-व्हिक्टोरिन यांनी वाहिन्या आणि छी बाजूला ठेवून मज्जातंतूंचा माग घेतला. बीजकोशाकडे जाणारे सिंपथेटिक तंतू पाठीच्या कण्याच्या ज्या भागातून निघतात, त्याच भागाकडे ओटीपोटाच्या आणि पायाच्या स्नायूंतल्या काही बिंदूंच्या संवेदनाही जातात. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत या सिंपथेटिक यंत्रणेची धावपळ वाढलेली आढळते. तेव्हा स्नायूत खोल सुई घालून दर सेकंदाला दोन ठोके अशा मंद विजेने तो तंतू चाळवला, तर पाठीच्या कण्यातून उलटा संदेश जाऊन ही धावपळ शमावी आणि मेंदूतल्या एंडॉर्फिनांमार्फत एलएचचा वेगही उतरावा, असा हा सिद्धान्त. संप्रेरके देऊन पीसीओएससारखी अवस्था आणलेल्या उंदीर-जातीच्या प्राण्यांत त्याला आधार मिळाला.

माणसांतले पहिले आकडे हुरूप देणारे होते. २००० सालच्या छोट्या अभ्यासात २४ स्त्रियांना विजेच्या सुईचे १४ उपचार दिले, त्यांतल्या नऊ जणींना चांगला फायदा झाला; तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८४ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले: सुई, व्यायाम आणि काहीच नाही. सोळा आठवड्यांनी सुईच्या गटात पाळ्या वाढल्या आणि टेस्टोस्टेरॉन उतरले. पण इथे ‘काहीच नाही’ या गटातल्या बाईला आपल्याला काहीच मिळत नाही हे ठाऊक होते. २०१३च्या अभ्यासात म्हणून दुसऱ्या गटातल्या स्त्रियांनाही उपचारकाची तेवढीच भेट आणि तेवढेच लक्ष दिले, फक्त सुई दिली नाही. तरी बीज सुटण्याचे प्रमाण सुईच्या गटात अधिक आले. हा अभ्यास अवघ्या ३२ जणींचा.

त्याच सुमारास अमेरिकेत, व्हर्जिनिया विद्यापीठात, वेगळी युक्ती वापरली गेली: अर्ध्या स्त्रियांना खरी सुई, अर्ध्यांना लुटुपुटीची. आठ आठवड्यांत बारा बैठका. अभ्यास पूर्ण करणाऱ्या स्त्रिया योगायोगाने इथेही ८४. खऱ्या सुईच्या गटात बीज सुटण्याचे प्रमाण महिन्याला ०.३७, लुटुपुटीच्या गटात ०.४०. दोन्ही गटांत आधीपेक्षा सुधारणा, दोघांत फरक नाही. सुईचे श्रेय सुईचे की टोचण्याच्या सोहळ्याचे, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उघडपणे पुढे आला.

त्याचा निकाल लावण्याइतकी मोठी चाचणी चीनमध्येच झाली, तीही चिनी वैद्यकाच्या विद्यापीठाच्या पुढाकाराने. ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरात हेइलोंगज्यांग चिनी वैद्यक विद्यापीठ आहे. तिथले वू शिआओख हे या चाचणीचे प्रमुख. स्टेनर-व्हिक्टोरिन आणि अमेरिकेतले पीसीओएसचे नामवंत अभ्यासक रिचर्ड लेग्रो त्यांच्यासोबत. मुख्यभूमी चीनमधल्या २१ रुग्णालयांत जुलै २०१२ ते नोव्हेंबर २०१४ या काळात मूल हवे असलेल्या, पीसीओएस असलेल्या बरोबर १००० स्त्रिया निवडल्या गेल्या. आधीचा प्रत्येक अभ्यास या संख्येपुढे चिमुकला ठरतो.

आखणी चौकोनी होती. प्रत्येक स्त्रीला एक सुई आणि एक गोळी मिळणार. सुई खरी किंवा लुटुपुटीची, गोळी क्लोमिफेनची किंवा निव्वळ पिठाची. खरी सुई म्हणजे ओटीपोटात आणि पायांत खोल टोचून, हाताने फिरवून, मंद वीज सोडलेली. लुटुपुटीची म्हणजे खांद्यावर आणि दंडावर, बिंदू नसलेल्या जागी, वरवर टोचलेली. तारा जोडायच्या पण वीज सोडायची नाही. आठवड्यातून दोनदा तीस मिनिटे, चार पाळ्यांपर्यंत, जास्तीत जास्त ३२ बैठका. आपल्याला कोणती सुई मिळाली हे स्त्रियांना सांगितले नव्हते. सुई टोचणाऱ्याला अर्थातच माहीत होते, त्याला इलाज नाही. मोजायचे होते ते बीज सुटणे नव्हे, टेस्टोस्टेरॉनही नव्हे, तर थेट जिवंत जन्मलेले मूल. कागदावरच्या आकड्यांपेक्षा पाळणा हलणे हे माप कठोर, आणि या रुग्णांच्या दृष्टीने एकमेव अर्थाचे.

निकाल जून २०१७मध्ये ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात आला. अखेरपर्यंत टिकलेल्या ९२६ स्त्रियांपैकी खरी सुई आणि क्लोमिफेन मिळालेल्या २३५ जणींत ६९ बाळे जन्मली, म्हणजे २९.४ टक्के. लुटुपुटीची सुई आणि क्लोमिफेन: २३६ जणींत ६६, म्हणजे २८ टक्के. खरी सुई आणि पिठाची गोळी: २२३ जणींत ३१, म्हणजे १३.९ टक्के. दोन्ही लुटुपुटीचे: २३२ जणींत ३९, म्हणजे १६.८ टक्के. गोळीने प्रमाण जवळपास दुप्पट केले, सुईने काहीच बदलले नाही आणि गोळीला सुईची जोड देऊनही भर पडली नाही. खऱ्या सुईच्या गटात अंगावर काळेनिळे डाग पडणे आणि जुलाब हे त्रास मात्र थोडे जास्त दिसले. गंभीर नव्हेत, पण होते.

या तक्त्यातला सर्वांत बोलका आकडा शेवटचा आहे. ना औषध, ना खरी सुई, तरी सहांपैकी एका स्त्रीला मूल झाले. पीसीओएसमध्ये बीज कधीच सुटत नाही असे नसते. ते अवेळी, क्वचित सुटते. त्यामुळे या विकारावर काहीही उपचार करणाऱ्या कोणत्याही पद्धतीच्या चिकित्सकाकडे दर सहा-सात रुग्णांमागे एक यशोगाथा आपोआप जमा होते. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या भिंतीवरचे बाळांचे फोटो खरेच असतात. फक्त न आलेल्या फोटोंची मोजदाद भिंतीवर नसते.

चाचणीवर आक्षेप आले, आणि ते सगळेच उडवून लावण्याजोगे नाहीत. चिनी वैद्य प्रत्येकीची नाडी पाहून बिंदू बदलतो. इथे सर्वांना तेच ठरावीक बिंदू दिले, म्हणजे आधी सांगितलेल्या चार निदानांची एकच मोळी बांधली. दुसरा आक्षेप लुटुपुटीच्या सुईवर: त्वचेत टोचलेली कोणतीही सुई शरीराला अगदीच निर्विकार ठेवत नाही, तेव्हा ही तुलना खऱ्या आणि खोट्याची नसून जास्त आणि कमीची असू शकते. तिसरा, आठवड्यातून दोन बैठका कमी पडल्या. पहिला आक्षेप तत्त्वतः रास्त आहे, पण त्याची किंमत मोठी: तो मान्य केला तर बिंदूंचे छापील तक्ते घेऊन बसणाऱ्या जगभरच्या हजारो दवाखान्यांचा आधारही जातो. दुसरा स्वीकारला तर सान्-यिन्-ज्याओ आणि दंडावरची कुठलीही जागा यांत फारसा फरक नाही असे कबूल करावे लागते, आणि मग दोन हजार वर्षांचा बिंदूंचा नकाशा कशासाठी? तिसऱ्याचे उत्तर काही प्रमाणात पुढे मिळाले. इन्शुलिनला दाद न देणाऱ्या पीसीओएसच्या ३४२ स्त्रियांवर चीनमध्येच झालेल्या चाचणीत आठवड्याला तीन बैठका चार महिने दिल्या, तरी इन्शुलिनच्या मुख्य मापात खरी सुई लुटुपुटीच्या पुढे गेली नाही.

टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारांतही हीच गोष्ट घडली. २००२ साली जर्मनीतल्या १६० स्त्रियांच्या अभ्यासात गर्भ आत सोडण्याआधी आणि नंतर सुई दिल्याने गर्भ राहण्याचे प्रमाण २६.३ वरून ४२.५ टक्के झाल्याचे दिसले आणि जगभरच्या वंध्यत्व केंद्रांत सुईवाल्यांना खोली मिळाली. मग २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ स्त्रियांची चाचणी आली: खऱ्या सुईने १८.३ टक्के, लुटुपुटीच्या सुईने १७.८ टक्के जिवंत जन्म.

काढ्यांची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे पोटात खरोखर काहीतरी जाते. कफ आणि ओलावा या निदानावर चीनमध्ये नेहमी दिली जाणारी ‘त्सांगफू दाओथान’ ही गोळी घ्या. तिच्यात संत्र्याच्या कुळातल्या फळाची वाळलेली साल आहे, आले आहे, ज्येष्ठमध आहे, आणि नावातले ‘फू’ म्हणजे ‘श्यांगफू’, शेतकऱ्याला नकोशा झालेल्या लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी. दिवाळीच्या उटण्यातला सुगंधी नागरमोथा याच कुळातला. अशा मिश्रणांवरच्या चाचण्या बहुतेक लहान, आखणीत कच्च्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या असल्याने त्यांच्या एकत्रित पाहणीतून ठाम निष्कर्ष निघत नाही. एकेक घटक वेगळा काढला की मात्र चित्र स्वच्छ होते.

त्यांतला सर्वांत अभ्यासलेला बर्बेरिन. ‘ह्वांगल्येन’ या पिवळ्या, कडूजहर मुळीतला हा अंश. आपल्याकडे दारुहळदीत आणि तिच्यापासून बनणाऱ्या रसांजनात तोच आहे. चीनमध्ये तो आधी जुलाबावर वापरत, पुढे त्याने रक्तातली साखर उतरते हे लक्षात आले. मेटफॉर्मिनसारखाच तो पेशीतल्या ऊर्जेच्या हिशेबात ढवळाढवळ करतो. वू शिआओख यांच्याच गटाने २०१६ साली ६४४ स्त्रियांत तो लेट्रोझोलच्या शेजारी उभा केला. जिवंत जन्म लेट्रोझोलने ३६ टक्के, बर्बेरिनने २२, दोन्ही एकत्र दिल्यावर ३४. म्हणजे मूल हवे असेल तर बर्बेरिन लेट्रोझोलची जागा घेत नाही, आणि त्याला हातभारही लावत नाही. साखर आणि चरबी यांच्यावर त्याचा परिणाम दिसतो, पण गर्भ राहिल्यावर बर्बेरिन टाळावा लागतो. बाळ हवे म्हणून औषध घेणाऱ्या बाईच्या बाबतीत ही अडचण किरकोळ नाही.

ज्येष्ठमध आणि पिओनीचे मूळ यांची जुनी जोडीही प्रयोगशाळेत गेली आहे. हान काळातल्या जांग जोंगजिंग या वैद्याने ती स्नायूंच्या पेटक्यांवर सांगितली होती. १९८०च्या दशकात जपानी डॉक्टरांना तिने टेस्टोस्टेरॉन उतरल्याचे आढळले. पण ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते, आणि पीसीओएसच्या अनेक रुग्णांचा रक्तदाब आधीच काठावर असतो. वनस्पतीच्या ओळखीतली चूक तर याहून भयंकर. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका वजन उतरवणाऱ्या दवाखान्यात एका चिनी मुळीच्या जागी, नावसाधर्म्यामुळे, ॲरिस्टोलोकिया वर्गातली मुळी गेली. शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली आणि पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. वजन कमी करण्याच्या घाईत असलेली तरुण स्त्री हीच तिथली गिऱ्हाईक होती.

भारतात सुई आली ती चीनशी असलेल्या मैत्रीच्या दिवसांत. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे बिजॉय कुमार बसू. कोटणीसांचे नाव पुढे ॲक्युपंक्चरच्या संस्थांना लागले, पण ते शल्यचिकित्सक होते. डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, ते चीनमध्येच वारले. सुई शिकून ती १९५९ साली कलकत्त्यात आणली बसूंनी. महाराष्ट्राने २०१५ साली या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आणि त्याखाली परिषद आणली, आणि केंद्र सरकारने २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. अशा मान्यतेने सुई कोणी टोचावी हे ठरते. ती कोणत्या दुखण्यावर चालते हे ठरत नाही. पाटी वाचणाऱ्याचा मात्र तसा समज होतो.

जंतुमुक्त, एकदाच वापरायची सुई प्रशिक्षित हाताने टोचली तर धोका थोडा. फुप्फुसाला छिद्र पडण्यासारखे अपघात दुर्मीळ असतात, आणि पीसीओएसमध्ये घेतले जाणारे बिंदू बहुधा छातीपासून दूरच असतात. मंद उजेडाच्या खोलीत अर्धा तास कोणी घाई न करता विचारपूस करावी, याने ताण उतरतो, झोप सुधारते, असे स्त्रिया सांगतात, आणि ते न मानण्याचे कारण नाही. खरा धोका सुईच्या टोकाला नसून तिच्यासाठी थांबण्यात असतो. पस्तिशीकडे झुकलेल्या स्त्रीचे सहा महिने बैठकांत गेले तर लेट्रोझोलच्या सहा पाळ्या गेल्या. मूल नको असलेल्या स्त्रीचा हिशेबही सुटत नाही. बीज न सुटल्याने प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनच्या एकट्या अमलाखाली जाड होत राहते. अशा स्त्रियांत अस्तराच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा जास्त असतो. म्हणून काढा चालू असो की सुई, दोन पाळ्यांतले अंतर नव्वद दिवसांच्या पुढे जाऊ लागले की अस्तर तपासून घेणे आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी पाळी आणणे हे स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच करावे लागते.